खडकाईची पायवाट आणि मेहकरला केलेली सही

खडकाईला पायी जायचं माझ्या मनात नव्हतं. ते भावाने ठरवलं. फाल्गुन संपत आला होता, ज्वारीची खळी उरकली होती, आणि एका दुपारी तो बीबीला आमच्या दारात उभा राहिला. हातात पिशवी, पिशवीत मळ्यातली वांगी आणि कांद्याची पात. माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत तो आपणहून आला ती पहिली वेळ.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा सात-आठ वर्षं झाली असतील. मी चोवीस-पंचवीस वर्षांची होते. गेल्या महिन्यात आमच्या ओळखीतल्या दोघींनी विचारलं, की खडकाईला पायी जाता येतं का, कोणत्या वाटेने, किती दिवस लागतात. त्यांना तोंडी सांगायला बसले आणि वाट सांगता सांगता बाकीचंही यायला लागलं. म्हणून वहीत लिहिलं. मुलीने ते इथे टाईप करून टाकलं आहे.

आधी देवीचं सांगते. खडकाई अमडापूरच्या पुढे, डोंगराच्या रांगेत एका कड्याखाली आहे. मूर्ती नाही. शेंदूर लावलेला बैलाएवढा खडक आहे, त्याला चांदीचे डोळे बसवले आहेत. जत्रा चैत्री पौर्णिमेला. डोणगावकडचे लोक एकादशीला काठी घेऊन निघायचे आणि पाचव्या दिवशी वर पोचायचे. डोणगाव माझं माहेर.

आता नवसाचं. मी नऊ वर्षांची असताना मला विषमज्वर झाला होता. एकवीस दिवस अंथरुणात होते, केस सगळे गळाले. आईने खडकाईला बोलून ठेवलं, की पोरगी उठली तर तिला अनवाणी चालवत तुझ्या पायाशी आणीन. मी उठले, पण आईचं जाणं झालं नाही. एका वर्षी पाऊस नव्हता, एका वर्षी विहीर खणायला काढली होती, मग माझं लग्न, मग आईच गेली. वडील आदल्या वर्षी गेले. नवस तसाच राहिला होता.

भाऊ ओसरीवर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "आईचा नवस राह्यला ना तुह्या नावाचा. बाबा गेले तवापासून मले झोप नाही. आपून दोघं पायी जाऊ. माह्याशिवाय कोण नेईन तुले?"

मी चुलीकडे तोंड करून रडले. माझा भाऊ माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. लहानपणी मला खांद्यावर घेऊन नाल्यापलीकडे शाळेत सोडणारा. लग्नानंतर त्याचं येणं-जाणं थांबलं होतं आणि मी त्याबद्दल सासरी कधी तक्रार केली नव्हती. आता तो देवाचं निमित्त घेऊन आला होता.

आमच्या ह्यांचं बीबीत शिवणकामाचं दुकान होतं. रात्री जेवताना ते एवढंच म्हणाले, "एकदम कसं आठवलं त्यायले?" मी रागाने पाहिलं. ते म्हणाले, "जाय. पोरीले माही माय सांभाळीन."

तर, दशमीला बीबीहून एसटीने मेहकर आणि तिथून दुसरी गाडी धरून डोणगाव. बीबी आता लोणार तालुक्यात आहे, तो तालुका तेव्हा व्हायचा होता. कचेरीचं काही काम निघालं की आम्हाला मेहकरलाच जावं लागायचं. गाडीच्या टपावर सायकली आणि कोंबड्यांच्या पाट्या, आत तंबाखूचा वास. वाटेवर सगळीकडे पळस फुलून गळायला लागलेला.

डोणगावला वहिनीने माझ्या डोक्याला तेल लावून दिलं. हिरवं नवं लुगडं पुढ्यात ठेवलं. "घ्या वन्सं, देवीले जाऊन राह्यल्या, जुनेऱ्यात कशा जासान?" वहिनी बोलायला गोड कधीच नव्हती, म्हणून मला ते जास्तच गोड लागलं. संध्याकाळी मी मळ्यात जाऊन आले. विहिरीवर नवीन इंजिन बसवलं होतं. ही विहीर खणली तेव्हा माती टोपलीने वर ओढून मी आणि आईने बांधावर टाकली होती. तो बांध आता चांगला घट्ट झाला होता आणि त्यावर भावाने पपया लावल्या होत्या. मी दोन-तीन पपयांना हात लावून पाहिला आणि घरी आले.

एकादशीला पहाटे निघालो. अकरा माणसं होतो. पुढे काठी, तिला लाल निशाण, मागे आम्ही. बायका चौघी. त्यातली एक कौसाबाई, साठीला आलेली, डोणगावच्या बाजारात भाजी विकायची. माल आमच्याच मळ्यातून न्यायची. तिचा हा बारावा की तेरावा फेरा होता.

डोणगाव ते मेहकर सहा कोस. आज डांबरी रस्ता आहे, तेव्हा खडी आणि धूळ होती. उन्हाळ्यात चालायचं तर एकच नियम: पहाटे निघा, नऊला थांबा, चारनंतर पुन्हा चाला. सावलीला बाभूळ असेल तर बसण्याआधी जमीन झाडून घ्या. मी अनवाणी होते. नवस माझ्या नावाचा होता. गावाबाहेरच्या मारुतीपाशी भावानेही चपला काढल्या आणि पिशवीत टाकल्या.

मी म्हटलं, "तू कायले काढतं? तुले नाही बोललेलं."

तो म्हणाला, "तू अनवाणी तर मी बी. एकटीचे पाय भाजू देऊ काय?"

त्या दिवशी मी जेवढी सुखात होते तेवढी पुढे फार थोड्या वेळा झाले. खोटं का लिहू. डोक्यावर गाठोडं, पायाखाली तापलेली खडी, आणि भाऊ शेजारी चालत वडलांच्या गोष्टी सांगतोय. एका ठिकाणी माझ्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. त्याने मला दगडावर बसवलं, माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला, दुसऱ्या काट्याने तो काटा कोरून काढला आणि गूळ तापवून वर चटका दिला. मागून येणाऱ्या बाया थांबून पाहत होत्या. एक म्हणाली, "असा भाऊ पायजे." कौसाबाई पुढे निघून गेली.

दिवस मावळता मावळता मेहकर आलं. पैनगंगेच्या काठी मुक्काम. नदीला पाणी थोडं होतं, पण डोहात अंग बुडेल एवढं होतं. जेवायला ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि कांदा. गावातून कोणीतरी ताक पाठवलं होतं.

द्वादशीला सकाळी अंघोळी झाल्या, बालाजीचं दर्शन झालं. बाकीची मंडळी नदीवर सामान बांधत होती. भाऊ म्हणाला, "चाल, कचेरीत जरा काम आहे. बाबाचं नाव कमी करून आपलं लावायचं आहे. एक सई लागते तुही."

कचेरीच्या आवारात लिंबाखाली एक अर्जनवीस बसला होता. पुढे पेटी, पेटीवर दौत. कागद आधीच लिहून तयार होता. भाऊ म्हणाला, "हे माही बहीण." अर्जनवीसाने कागद माझ्याकडे सरकवला आणि बोटाने जागा दाखवली.

मी सातवी पास आहे. भावाला ते माहीत होतं, पण बहुतेक तो विसरला होता, किंवा त्याला वाटलं असेल की सहा वर्षं चूल फुंकून बाई वाचायचं विसरते. मी कागद उचलून वाचला. वाचायला वेळ लागला कारण अक्षर लपेटीचं होतं. "मी स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, वडिलांच्या पश्चात मला येणारा हिस्सा माझ्या भावाच्या लाभात सोडून देत आहे. माझे नाव लावू नये." खाली माझं नाव, बीबीचा पत्ता, नवऱ्याचं नाव.

मी विचारलं, "आपलं म्हणजे कोणाचं रे भाऊ?"

तो लिंबाकडे पाहत होता. म्हणाला, "तुले तिकडे काय कमी आहे? दुकान आहे, घर आहे. अन् मळा काय कुठं चालला? तू येशीन तवा तुहाच आहे."

"मग नाव राहू दे ना."

"नाव राह्यलं म्हंजे उद्या दाजी उभे राहतीन बांधावर. मंग मोजणी, मंग भांडण. कायले?"

अर्जनवीस मधे पडला. माणूस वाईट नव्हता, समजावणीच्या सुरात बोलला. "बाई, कायदा नवीन आहे, पण रीत जुनी आहे. सगळ्याच बहिणी लिहून देतात. माहेर टिकतं."

भाऊ आता माझ्याकडे वळला. त्याचे डोळे भरले होते. ते खरे भरले होते की नाही, ह्यावर मी पुढे पुष्कळ वर्षं विचार केला. तो म्हणाला, "द्वारके, आईच्या नवसाले निघालो आपून. मधात हे नको."

मी सही केली.

तेव्हा काय वाटलं ते सांगते. फसवलं गेल्यासारखं वाटलं नाही, कारण मी वाचलं होतं. मला लाज वाटली. नदीवर नऊ माणसं थांबली आहेत, काठी उभी आहे, आणि मी जमिनीचा हिस्सा मागत कचेरीत बसले आहे, असं वाटून लाज वाटली. आदल्या दिवशी ज्याने माझा पाय मांडीवर घेतला त्याला नाही कसं म्हणायचं, हेही होतं. आणि एक भीती होती, की नाही म्हटलं तर तो इथूनच परत जाईल आणि नवस राहील.

तिथून त्याने मला हॉटेलात नेलं. चहा आणि शेव घेतली. मी शेव तशीच ठेवली. नदीवर परत आलो आणि निघायच्या वेळी त्याने पिशवीतून चपला काढून पायात घातल्या.

"पाय लय भाजून राह्यले," तो म्हणाला.

मेहकर ते अमडापूर पंधरा कोस धरा. आम्ही ते दोन दिवसांत केलं. पहिला मुक्काम आमराईत, दुसरा एका खेड्याच्या शाळेच्या व्हरांड्यात. ही वाट आज चालणार असाल तर पाण्याची सोय बरोबर ठेवा, कारण जुन्या विहिरी बऱ्याच बुजल्या आहेत. जमीन हळूहळू चढत जाते, काळी माती संपून मुरूम लागतो, आणि तिसऱ्या दिवशी उत्तरेला डोंगराची निळी रेघ दिसते. देखावा सुंदर आहे. मला तेव्हा तो दिसला नाही. मी भावाच्या चपलांकडे पाहत चालत होते. तो आता माझ्याबरोबर नसायचा. काठीवाल्यांबरोबर पुढे असायचा, इंजिनाच्या आणि कांद्याच्या भावाच्या गोष्टी करत. जेवायच्या वेळी तो पुरुषांच्या पंगतीत बसून उठून जायचा. मी एकदा पाणी नेऊन दिलं. त्याने तांब्या घेतला, वर पाहिलं नाही.

शाळेच्या व्हरांड्यात माझ्या पायांना फोड आले होते ते कौसाबाईने पाहिलं. म्हणाली, "पायाले एरंडाचं तेल लाव. अन् मेहकरले दोघं कुठं गेल्ते?"

मी म्हटलं, "कचेरीत."

"सई केली?"

"हाव."

तिने माझ्या पायाला तेल लावलं आणि झोपली.

चतुर्दशीला सकाळी अमडापूर आलं. गाव मोठं, बाजारपेठेचं. जत्रेची सगळी खरेदी इथेच करून घ्या. खण, नारळ, हळद-कुंकू, गोवऱ्या, रोडग्यांची कणीक. वर काही मिळत नाही, आणि मिळालं तर दुप्पट भावाने. आम्ही एका झाडाखाली गाठोडी टेकवली. भाऊ एसटी थांब्याकडे गेला आणि थोड्या वेळाने परत आला.

"चिखलीची गाडी आहे आत्ता," तो म्हणाला. "मी निंघतो. तिकून मेहकर गाठीन."

मला आधी कळलंच नाही. "अन् डोंगर? उद्या पौर्णिमा आहे."

"मळ्यावर तुही वयनी एकटी आहे. कांदा काढाले आला. गडी भेटत नाही. तू जाय ह्या लोकायसंगं. येतानी सरळ बीबीले जाजो."

"भाऊ, आईचा नवस आहे."

त्यावर तो जे बोलला ते मी शब्दाला शब्द लिहिते. "आईचा कायचा? तुह्यासाठीच बोलली होती ना? मंग तूच फेड."

आवाज चढवला नाही त्याने. खत आणायचं आहे, अशा सुरात बोलला. मग खिशातून दोन रुपये काढून नारळासाठी म्हणून माझ्या पुढे धरले. मी हात पुढे केला नाही. त्याने ते गाठोड्यावर ठेवले आणि गेला. गाडी सुटताना त्याने खिडकीतून पाहिलं असेल किंवा नसेल. मी पाठ केली होती.

चढायला पौर्णिमेच्या पहाटे निघायचं. पायथ्यापर्यंत एक कोस सपाट आहे. मग शंभरेक दगडी पायऱ्या, त्या संपल्या की शेळ्यांची वाट. सागाची झाडं पान टाकून उभी, सालईच्या बुंध्यावरून साल सुटलेली, खाली वाळलेला पाला. निसरडा फार. उतारावर पडाल ते पाल्यामुळे, दगडामुळे नाही. निम्म्या वाटेवर खडकात खोदलेलं टाकं आहे, त्याचं पाणी गार आणि गोड. आता वर मोटार जाते, पण टाकं मोटाररस्त्यावर नाही. ज्यांना ते पाणी प्यायचं असेल त्यांनी पायीच जावं.

टाक्यापाशी कौसाबाई माझ्याजवळ येऊन बसली. बाकीचे पुढे गेले होते. ती म्हणाली, "एक सांगतो, ऐक. तुह्या भावाले कळलं तर मले मळ्यातून वांगं भेटणार नाही."

मी म्हटलं, "मी नाही सांगणार."

"सई केली म्हंजे झालं असं नसते. नोटीस लागते चावडीवर. तिची मुदत असते. मुदतीच्या आत कागद दिला, का मले कबूल नाही, तर सायेब पुन्हा बलावते अन् तोंडानं विचारते."

"तुम्हाले कसं माहीत?"

"माह्या पोरीच्या येळी समजलं. तवा मुदत सरून दोन दिस झाल्ते." तिने ओंजळीने पाणी घेतलं, तोंडावर मारलं. "तू दे, असं मी म्हनत नाही. दिलं तर भाऊ जाईन. नाही दिलं तरी जाईन. काल पाह्यलंच तू."

मग ती उठली आणि गुडघ्यावर हात देत चढायला लागली.

वर पोचलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. गर्दी होती, हलग्या वाजत होत्या, धूप आणि नारळाच्या पाण्याचा वास. रांगेत दीड तास गेला. माझा नंबर आला तेव्हा मला वाटत होतं, की इथे उभं राहिल्यावर मोठं काहीतरी वाटेल, रडू येईल, आई आठवेल. काहीही झालं नाही. समोर शेंदराचा खडक होता. त्याचे चांदीचे डोळे माझ्या डोक्यावरून पलीकडे कुठेतरी पाहत होते. माझ्या पायातून रक्त येत होतं आणि मला फक्त बसायचं होतं.

गुरव घाईत होता. म्हणाला, "कोणाचा नवस?"

मी आईचं नाव सांगितलं.

"घरची नावं सांगा. भाऊ आहे?"

तिथे रीत अशी, की नवस फेडणारी बाई माहेरच्या आणि सासरच्या माणसांची नावं घेते आणि गुरव प्रत्येकाच्या नावाने अंगारा देतो. मी नवऱ्याचं नाव घेतलं, मुलीचं घेतलं, सासूबाईंचं घेतलं. गुरवाने पुन्हा विचारलं, "माहेरचं कोणी?"

मी म्हटलं, "कोणी नाही."

कौसाबाई मागे उभी होती. तिने ऐकलं.

पायथ्याला गोवऱ्या पेटवून रोडगे भाजले. वरण, वांग्याची भाजी, तुपात चुरलेला रोडगा. मी तीन रोडगे खाल्ले. आदल्या दोन दिवसांची भूक होती. इतकं कडू मन असताना इतकं चविष्ट जेवता येतं ह्याचं मला आश्चर्य वाटलं होतं.

परतीला अमडापूरहून एसटीने चिखली, तिथून मेहकर. बीबीच्या गाडीला दोन तास अवकाश होता. मी थांब्यावर गाठोडं घेऊन बसले. एक तास नुसती बसले. मग उठून दुकानातून एक कागद घेतला, दुकानदाराचाच टाक मागितला आणि फळीवर ठेवून लिहिला. अर्जनवीसाकडे गेले नाही. माझं अक्षर चांगलं होतं. चार ओळी लिहिल्या. कागद कचेरीत नेऊन दिला.

पंधरा-वीस दिवसांनी मला बोलावणं आलं. तोवर मी घरी काही सांगितलं नव्हतं. बोलावण्याचा कागद पाहून हे म्हणाले, "मले जमीन नको कोणाची." मी म्हटलं, "तुमच्यासाठी नाहीच मागत." ते रागावले, पण मेहकरला माझ्याबरोबर आले आणि आवाराबाहेर थांबले.

आत भाऊ होता. साहेबांनी माझ्यापुढे पहिला कागद धरला. "ही सही तुमचीच?"

"हो."

"वाचून केली?"

"हो."

"मग आता हरकत कशी?"

"तेव्हा कबूल होतं. आता नाही."

साहेब भावाकडे वळले. भाऊ म्हणाला, "सायेब, तिच्या सासरच्यायनं शिकवलं." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "माही बहीण मेली." तो रडत होता. ह्या वेळी मला शंका नव्हती, खरंच रडत होता.

माझं नाव लागलं. अडीच एकर, निम्मी विहीर. कागद आहे माझ्याकडे, अजून आहे. त्या अडीच एकरात मी एकदाही नांगर घातला नाही. भावानेच ते आयुष्यभर वाहिलं आणि मी हिस्सा मागितला नाही. लोक विचारायचे, मग नाव कशाला लावलंस? आई आणि मी ती माती वर काढली होती, एवढंच सांगायचे.

त्यानंतर मला माहेर नव्हतं. दिवाळी, पंचमी, भाचीचं लग्न, कशालाच बोलावणं आलं नाही. मी पाठवलेल्या राख्या पहिली दोन वर्षं परत आल्या, मग मी पाठवणं सोडलं. मळ्यातून माल मिळणं बंद झालं तेव्हा कौसाबाईने शेजारच्या गावाहून भाजी आणायला सुरुवात केली. मी कोणाला काही बोलले नव्हते, मुदतीचं मला कोणी सांगितलं ते भावाने आपणच ताडलं. तरी ती मेहकरच्या बाजारात भेटली की मूठभर कोथिंबीर पिशवीत टाकायची.

ज्यांनी विचारलं त्यांना: हो, खडकाईला पायी जाता येतं. एकादशीला निघा, ओझं कमी ठेवा, पायांना आधीपासून एरंडाचं तेल लावत जा. पाच दिवस लागतात. मी पुन्हा गेले नाही. वाट चांगली होती, बरोबरची माणसं चांगली होती, पाणी गोड होतं, हे सगळं खरं आहे. पण माझ्याकडे त्या प्रवासातलं जे राहिलं ते ह्यातलं नाही. शेजारी अनवाणी चालणारा माणूस कशासाठी चालतो आहे, हे मी तेव्हापासून प्रत्येकाच्या बाबतीत मनात विचारून पाहते. पुढे चांगली वागणारीही बरीच माणसं भेटली, त्यांनाही माझ्या ह्या खोडीचा त्रास झाला. ती सवय गेली नाही. आता जाणारही नाही.

भाऊ जाऊन बारा वर्षं झाली. मला चौथ्या दिवशी बाजारात कळलं. मी डोणगावला गेले. घरात पोरं होती, सुना होत्या, कोणी ओळखलं नाही. वहिनीने ओळखलं. तिने खाटेवर बसायला सांगितलं, स्वतः उठून पाणी आणलं.

मग ती म्हणाली, "शेवटी शेवटी तुमचं नाव घेत होते."

मी विचारलं, "काय म्हणत होता?"

वहिनीने पदराने तोंड पुसलं. "खोटं कायले सांगू वन्सं. शिव्या देत होते."

मी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला आणि पाचच्या गाडीने परत आले.